न बोलावता आलेलं भात

बांगबान, अयुथ्या
१२ जानेवारी, बुद्धाब्द २५१५

लामदुआन,

आम्ही सुखरूप पोचलो. बसमध्ये सनित घोरत होते आणि मी जागी होते, कारण माझ्या पोटात दुखत होतं. तू वाढलेल्या माशाचा दोष नाही, मासा चांगला होता. तुझ्या घराखाली, खांबांच्या मधे, जिथं आईचा रेडा बांधलेला असायचा, तिथं ते लाल यंत्र उभं पाहिलं तेव्हापासून दुखतंय. लोखंडी रेडा म्हणता ना तुम्ही त्याला? चमरत त्याला फडक्यानं पुसत होता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सनितनी माझ्यावरून इतक्या मायेनं कधी हात फिरवलेला आठवत नाही.

आणि बांधावरची ती पाटी. ‘नमुना शेत. शेतकरी: चमरत.’ जमीन आईची, घर आईचं, आणि पाटीवर नाव मात्र राहायला आलेल्या जावयाचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. राग मानू नकोस, तुझ्या तोंडावर बोलले नाही म्हणून इथं लिहिते.

धाकटीला घर, धाकटीला कोठार, आणि आईही धाकटीकडं. आपल्याकडची रीतच आहे, रीतीशी माझं भांडण नाही. फक्त रीत पडली तेव्हा कालवा नव्हता. तेव्हा तुझी जमीन आणि माझ्या सासरची जमीन, दोन्ही सारख्याच आभाळाकडं बघत बसायच्या. आता तुझ्या दारात धरणाचं पाणी बारा महिने खेळतंय, आणि माझ्या दारात काय येतं ते तुला ठाऊक आहे. पूर.

तर त्या बुटक्या सरकारी भाताचं बियाणं मला दे. दोन पोती पुरे. सख्ख्या बहिणीकडं मागते आहे, परक्याकडं नाही.

आईला माझा नमस्कार सांग. निघताना ती मला पायरीपर्यंत सोडायला आली नाही. गुडघे दुखत असतील.

फयोम


सामचुक, सुफानबुरी
३० जानेवारी २५१५

ताई,

पाटी मी लावली नाही, शेतकी खात्याच्या साहेबांनी लावली. त्यांना घरातल्या पुरुषाचं नाव लागतं. आईनं ती पाटी पाहिली तेव्हा एवढंच म्हणाली, “याला वाचता येतं वाटतं भाताला.” मग साहेबांच्या बुटांजवळ विडा थुंकली.

बियाण्याचं म्हणशील तर, ताई, हे भात माझ्या मांडीइतकं वाढतं. तुमच्याकडं पावसाळ्याच्या शेवटी पाणी माणसाच्या डोक्यावरून जातं. तुमचं जुनं भात पाण्याबरोबर वर वर चढतं, म्हणून तुम्ही ते होडीत बसून कापता. हे बुटकं कुठं चढणार? साहेबांना मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, “बांगबानला? मुळीच नको.” तुला नाही म्हणायची मला हौस नाही.

आणि इथं माझं फार सुखात चाललंय असं समजू नकोस. डिसेंबरात कापणी झाली न झाली तोच चमरतनं त्याच शेतात पुन्हा चिखलणी केली. कालव्याला पाणी आहे, साहेब म्हणतात हे भात कुठल्याही मोसमात लोंबी धरतं, मग जमीन रिकामी कशाला ठेवायची? तेव्हापासून आई चमरतशी बोलत नाही. म्हणते, “ओल्या बाळंतिणीला पुन्हा पोटुशी करताय? भातमायेला निदान शेकाला तरी बसू द्या.” चमरत म्हणतो, “आई, भाताला कसला आलाय शेक?” ती मांजराकडं तोंड करून उत्तर देते, “सांग याला, याच्या आईनं याला जन्म देऊन दुसऱ्या दिवशी नांगर धरला होता का ते.”

तुला आई हवी आहे ना? दोन दिवस येऊन रहा. मग कळेल.

लामदुआन


बांगबान
२० एप्रिल २५१५

लामदुआन,

सोंगक्रानला आले नाही. मुद्दामच आले नाही, तर उगाच बसचं कारण कशाला सांगू? इथं देवळात सगळ्या बायका आपापल्या आयांच्या हातांवर नव्या वर्षाचं सुवासिक पाणी ओतत होत्या. मी सासूच्या शेजारणीच्या हातावर ओतलं. म्हातारी म्हणाली, “तुझी आई नाही का गं?” मी म्हटलं, “आहे, पण ती सुफानला असते, नमुना शेतात.”

बियाणं द्यायचं नसेल तर नको देऊस. पाण्याच्या मापाची कारणं मला सांगू नकोस. आमच्या नदीकडच्या खाचराला उंच बांध आहे, तो तू लग्नात पाहिलास, विसरली असशील. नदीपलीकडच्या गावात पंप बसलेत. नागाएवढा लांब नळ पाण्यात सोडतात आणि पाणी उचलून पलीकडं फेकतात. जग पुढं चाललंय. ते फक्त तुझ्या दारापर्यंतच यावं असं कुठं लिहिलंय?

दुसरं पीक कसं आहे? नाही सांगितलंस तरी चालेल.

फयोम


सामचुक
२ मे २५१५

ताई,

आईनं सोंगक्रानला तुझ्या वाटणीचं पाणी दुपारपर्यंत कुणाला ओतू दिलं नाही. हात पुढं करून बसली होती. एवढंच सांगते, जास्त लिहीत नाही.

भात पोटरीला आलंय, लोंबी पोटात फुगलीय. हिरवंगार. शेजारीपाजारी सायकलवरून उतरून बघतात. दरवर्षी या टप्प्यावर आई भातमायेचे डोहाळे पुरवते, ते तुला आठवत असेलच: आंबट फळं, उसाचं कांडं, फणी, आरसा, पावडर. पानांना फणी लावते, पावडर चोपडते, आरसा दाखवते, मग हाका मारते. या वेळी मी म्हटलं, “आई, पोटरी आली.” ती म्हणाली, “माझ्या पंचांगात नाही आली.” आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

मला राहवेना. मी एकटीच कैऱ्या कापून, तिची फणी घेऊन बांधावर गेले. पानांना पावडर लावली. पहिली ओळ म्हटली, ‘ये गं भातमाय, ये गं पोटुशे.’ पुढचं काही केल्या आठवेना. इतकी वर्षं तिच्या मागं उभी राहिले, पण तिच्या आवाजातच ऐकलेलं, माझ्या तोंडात ते बसलेलंच नाही. तेवढ्यात साहेबांची जीप आली. मी आरसा पदरात लपवला. ते म्हणाले, “काय वहिनी, कीड बघताय का?” मी म्हटलं, “हो.” घरी येऊन कैऱ्या बदकांना घातल्या.

तुला हे लिहिलं ते हसण्यासाठी नाही. तुला ते शब्द पाठ आहेत, मला माहीत आहे. आईनं तुलाच शिकवले होते, कारण तू मोठी. घर मला मिळालं आणि हाका तुला मिळाल्या. याचा हेवा मी कुणाजवळ बोलून दाखवायचा?

लामदुआन


सामचुक
१९ जून २५१५

ताई,

झालं ना तुझ्या मनासारखं?

पीक आलं. इतकं आलं की कोठाराचं दार लागेना. दाजी मळणीला आले होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आई मळणीच्या जागी आली, मूठभर भात उचललं, वास घेतला, आणि म्हणाली, “न बोलावता आली.” बस. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधून दाजींच्या मागं बसमध्ये चढली. मी बसच्या खिडकीपर्यंत धावले. म्हणाली, “कोंबड्यांना कोंडा घाल.”

गावात लोक काय म्हणतात ऐकायचंय? म्हणतात, धाकटीनं दुसऱ्या पिकासाठी आईला हाकललं. धाकटीच्या घरातून आई मोठीकडं गेली असं आमच्या गावात कधी झालेलं नाही. विहिरीवर गेले की बायका गप्प होतात.

दाजी तिला न्यायलाच आले होते, होय ना? मळणीचं निमित्त होतं. तू त्यांना शिकवून पाठवलंस. बियाणं मिळालं नाही म्हणून आई नेलीस.

लामदुआन


बांगबान
८ जुलै २५१५

लामदुआन,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. तिनं विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, कोंबड्या बऱ्या आहेत.

मी तिला बोलावलं नव्हतं. कुणाचीही शपथ घ्यायला लाव. दुपारी तांदूळ धूत होते, मागून आवाज आला, “एवढं पाणी घालतात का?” वळून बघते तर आई, काखेत गाठोडं. हातातलं भांडं पायावर पडलं. अंगठा अजून काळानिळा आहे.

आणि आता खोटं कशाला लिहू, मला फार आनंद झालाय. सकाळी उठते तर ती ओट्यावर विडा लावत बसलेली असते. शेजारणी मुद्दाम डोकावतात. मी मोठ्यानं म्हणते, “आई, चटणीत तिखट बरं आहे ना?” ती म्हणते, “कमी आहे.” तेही मला गोड लागतं. तुला लहानपणापासून रोज मिळालेलं मला आता मिळतंय, तर मी मिटक्या मारत खाणारच. तुझ्या विहिरीवर बायका गप्प होतात, माझ्या नदीकाठी त्या एकदाच्या बोलू लागल्यात.

दुसरी गोष्टही कळवायची म्हणून कळवते. सनितबरोबर फक्त आई आली नाही, दोन पोतीही आली. तुझ्या नवऱ्यानं दिली. मळणीनंतर दोघं घराखाली पीत बसले होते, तेव्हा सनितनी मागितली आणि चमरतनं त्याच पावली कोठारातून काढून दिली. बघ, परका माणूस देतो. नदीकडच्या खाचरात लावणी झालीसुद्धा. आई बांधावर उभी होती. म्हणाली, “ही कुठल्या घरची सून आणलीस?” पण वाकून दोन रोपं तिनंही लावली.

फयोम


सामचुक
२४ ऑगस्ट २५१५

ताई,

चमरतशी मी आठवडाभर बोलले नाही. मांजराशी बोलत होते. सवय आता घराण्यात आली आहे.

आई कशी आहे? तिला पहाटे खोकला येतो, तेव्हा गरम पाणी लागतं. हे तुला ठाऊक नसेल, तू कधी तिच्या शेजारी झोपलेली नाहीस. रात्री पायांखाली उशी घालून घे म्हणावं. चटणीत ती सुकी मासळी भाजून घालते, कच्ची नाही. तू कच्ची घालत असशील म्हणून कमी म्हणते. तिखटाचा काही संबंध नाही.

मी बरी आहे. जरा थकवा येतो. चमरत तिसऱ्या पिकाचं बोलतो, मी अजून काही बोलले नाही. तुझ्या स्वयंपाकघरामागच्या चिंचेची मुरवलेली बरणी असेल तर पाठव. इथली चिंच गोडट निघाली.

आईला सांग… नको, काही सांगू नकोस. ती स्वतःच्या पायांनी गेली आहे.

लामदुआन


बांगबान
१५ ऑक्टोबर २५१५

लामदुआन,

मासळी भाजून घातली. आई म्हणाली, “आता लागतंय बरं.” तुझ्या मदतीशिवाय मला आईच्या जिभेवर साधं मीठसुद्धा पोचवता येत नाही, हे कळून समाधान झालं असेल तुला.

तुझं बुटकं भात उत्तम आहे. काळंभोर, मांडीएवढं. साहेबांना सांग.

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या भाताची पोटरी आली आणि आईनं डोहाळे पुरवले. तू असतीस तर जळून खाक झाली असतीस. सनित वल्हवत होते, मी मध्ये, आई पुढं. भोवती पाणीच पाणी, त्यातून भाताचे शेंडे वर आलेले. आईनं शेंड्यांना फणी लावली, पावडर लावली, आरसा धरला. मग हाका मारल्या. तिचा आवाज पाण्यावरून पार देवळापर्यंत गेला. मी तिच्या मागं बसून शब्द न् शब्द म्हटला. तिनं मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, “विसरली नाहीस तू.” माझ्या जन्मात मी इतकी श्रीमंत कधी नव्हते.

हे सगळं तुला चिडवायला लिहिणार होते आणि इथंच थांबणार होते. पण काल रात्री बरणी बांधायला घेतली. तुझं ते ऑगस्टचं पत्र. इतके दिवस चिंच पाठवली नाही, कारण खरं सांगते, मला राग आला होता. म्हटलं, हिच्याकडं कालवा, हिच्याकडं यंत्र, वर्षाला दोन पिकं, आणि आता माझ्या चिंचेवरही डोळा. आईसमोर बरणीला फडकं बांधता बांधता मी हेच बडबडत होते. “लहानपणी चिंच पाहिली की तोंड वाकडं करायची, आणि आता म्हणे पाठव. थकवा येतो म्हणे. आयतं खाऊन थकवा.”

आईनं विड्याचा डबा मिटला. म्हणाली, “कितवा?”

मी म्हटलं, “कितवा काय?”

“महिना गं. अक्कल गहाण टाकलीस का? भाताची पोटरी होडीतून दिसते तुला आणि बहिणीची दिसत नाही?”

लामदुआन, खरं आहे का हे? लगेच लिही. बरणी वेगळी पाठवली आहे, दोन आहेत.

फयोम


सामचुक
२३ ऑक्टोबर २५१५

ताई,

सहावा लागेल. मागचा चौथ्यातच गेला होता, म्हणून कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. सांगितलं असतं तर ती आली असती, मला माहीत आहे. बाळंतपणाला ती शत्रूच्या घरीही जाते. पण मला ती त्यासाठी यायला नको होती. माझ्यासाठी यायला हवी होती. उगाच, काही कारण नसताना, जशी ती तुझ्याकडं आली.

आता मात्र मला भीती वाटते. रात्री पोटावर हात ठेवून मोजत बसते. चमरत चांगला आहे, पाणीसुद्धा उचलू देत नाही, पण त्याला पंपाचा आवाज कळतो, माझा नाही. ताई, आई मला दे. तू दोन पोती मागितलीस तेव्हा मी नाही म्हटलं होतं. तूही म्हणू शकतेस.

लामदुआन

ता. क. साहेब काल आले होते. म्हणाले, बांगबानला यंदा विजेच्या खांबांपर्यंत पाणी आहे. तुझं भात खरंच उभं आहे का?


बांगबान
१७ नोव्हेंबर २५१५

लामदुआन,

आई आज सकाळी निघाली. हे पत्र तिच्यानंतर पोचेल, आणि तसंच पोचावं.

आधी भाताचं सांगते. बुडालं. सप्टेंबरातच बुडालं. बांधावरून पाणी आलं, आठवडाभर शेंडे दिसत होते, मग तेही दिसेनात. साहेब खरं बोलले होते आणि तूही. मला ते खोटं वाटत होतं, कारण खोटं वाटून घेण्यात सुख होतं. तू बियाणं लपवतेस असं समजलं की तुझ्यावर रागावता येत होतं. पाण्यावर किती रागावणार?

दुसरं सांगायचंय ते आईचं. होडीतून डोहाळे पुरवले ते तुला लिहिलं. पुढचं लिहिलं नाही. परतताना आई सनितना म्हणाली, “नदीकडच्या खाचरावर घ्या.” मी म्हटलं, “आई, तिथं काही नाही.” तरी घ्यायला लावली. नुसतं गढूळ पाणी, बांधाचा एक बांबू वर आलेला. तिनं उरलेला ऊस न् चिंचा बांबूला टांगल्या. मग म्हणाली, “तिकडं ही न बोलावता आली, आणि इथं मी बोलवायला आले तर ही नाही.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण दोघी पत्रांतून एकमेकींची कातडी सोलत होतो, पण आई तुझ्यावर रुसून आली नव्हती, आणि मी फार चांगली म्हणूनही आली नव्हती. तिला त्या भाताचा हेवा वाटला होता. जिला जन्मभर हाका मारून, फणी करून, लाडीगोडी लावून कोठारात आणायची, ती तिच्यावाचून आली. तीही भरभरून. मग घरात आपलं काम काय, असं तिला वाटलं. ओल्या बाळंतिणीचं वगैरे ती बोलत होती ते खरंही असेल, पण त्याखाली हे होतं. मी तिची मुलगी आहे, हेव्याचा वास मला लांबून येतो.

तुझं पत्र मी तिला सगळं वाचून दाखवलं. ‘माझ्यासाठी यायला हवी होती’ तेही. तिनं दुसऱ्या दिवशी सनितना चिंचेचं लाकूड तोडायला लावलं, तुझ्या शेकासाठी. तुमच्याकडचं लाकूड धूर करतं म्हणे. जुनं भात आता महिन्याभरात कापणीला येईल. पहिली पेंढी आई कापणार होती, मी विळा धारेला लावून ठेवला होता. तो तसाच खुंटीला आहे.

आज तिला होडीतून बसच्या रस्त्यापर्यंत मीच नेलं. सनितना म्हटलं, तुम्ही रहा. वाटेत मी वल्हवत होते आणि ती पुढं पाठ करून बसली होती, म्हणून विचारायचं धाडस झालं. म्हटलं, “आई, मी थांब म्हटलं असतं तर थांबली असतीस का?”

ती वळली नाही. म्हणाली, “म्हणून बघायचं होतंस.”

“इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं तू कधी म्हटलंस, आई, माझ्याकडं ये? रीत अशी, रीत तशी, धाकटीचं घर, धाकटीचं कोठार, हेच ऐकलं तुझ्याकडून. मला वाटलं, हिला मी नकोच आहे. या वेळीसुद्धा मीच आले, गाठोडं घेऊन, सुनेसारखी.”

मी वल्हं पाण्यात तसंच धरून बसले. होडी भलतीकडं वळली. ती म्हणाली, “नीट मार. बस जाईल.”

आणि तरीही, लामदुआन, मी तिला थांब म्हटलं नाही. तुझा सहावा संपत आलाय. पण खोटं लिहीत नाही, शब्द ओठांवर होता आणि तो गिळताना मला तुझा जितका हेवा वाटला तितका त्या लोखंडी रेड्यापायीही वाटला नव्हता.

आता पुढचं तिला वाचून दाखव. मोठ्यानं, आणि गाळू नकोस. आई, तुझी मोठी मुलगी फयोम तुला बोलावते आहे. लामदुआन शेकावरून उठली, बाळानं बाळसं धरलं, की माझ्याकडं ये. भाताच्या डोहाळ्यांसाठी नको आणि कापणीसाठीही नको. पाणी ओसरलेलं असेल, शेत रिकामं असेल, काहीच काम नसेल. त्या दिवसांत ये.

फयोम


सामचुक
११ मार्च २५१६

ताई,

मुलगी झाली. फेब्रुवारीच्या शेवटी, पहाटे. दोघी ठीक आहोत. तुझ्या चिंचेच्या लाकडाला धूर आला नाही. शेकावर निजून निजून माझी पाठ भाजून निघाली, आई उठू देत नव्हती. चमरतनं या मोसमात शेत रिकामं ठेवलंय. साहेब आले तर म्हणाला, “घरात दोन बाळंतिणी आहेत, साहेब.” आईनं ऐकलं आणि त्या दिवशी त्याच्याशी सरळ बोलली, मांजराला मध्ये न घेता. पुढच्या मोसमात तो दोन पिकं घेणारच आहे, तेही तिला ठाऊक आहे.

तुझं पत्र नोव्हेंबरात आलं तेव्हा मी ते लपवून ठेवलं. तुझ्यापाशी कबूल करते. आई नुकतीच आली होती, माझ्या पायांना तेल चोळत होती, आणि तू तिला परत मागत होतीस. मला वाटलं, आत्ता नाही. मग बाळ झाल्यावर वाटलं, आत्ता तर नाहीच. मी गाळूनही वाचू शकले असते. तिला कुठं वाचता येतं?

काल मी शेकावरून उठले. बाळ तिच्या मांडीवर होतं. मी पत्र काढलं आणि शेवटचा भाग वाचला, मोठ्यानं, तू म्हणालीस तसा. आई बाळाच्या टाळूवर तेल घालत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, “पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

ती म्हणाली, “आता जरा हळू वाच.”

मी हळू वाचलं. ‘काहीच काम नसेल, त्या दिवसांत ये’ इथं आल्यावर तिनं बाळ माझ्याकडं दिलं आणि पदरानं तोंड पुसलं. तिचा चेहरा असा झाला होता की मी तो याआधी कधी पाहिला नव्हता. ती जन्मभर माझ्याच घरात राहिली ना, ताई. मला तिला कधी बोलवावं लागलं नाही.

सोंगक्रानच्या आधी तिला घेऊन मीच येते. बाळही येईल. पाणी ओतायला तूच पहिली.

लामदुआन